आमेन म्हणायला कुणीतरी

जयपूरहून आल्यापासून आळीतले लोक विचारतात, हवामहल पाहिलात का, आमेरच्या किल्ल्यावर गेलात का, लाखेच्या बांगड्या आणल्यात का. हवामहल मी रिक्षातून पाहिला, रिक्षा सिग्नलला थांबली होती तेवढाच. किल्ला लांबून दिसला. बांगड्या आणल्यात, पण त्या भाचीसाठी. खरं सांगायचं तर मी जयपूर बघायला गेलेच नव्हते. मी हॅनाला आणायला गेले होते.

हॅना आणि मी रेवदंड्याला एकाच आळीत वाढलो. ती बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू. घरात आपलीच मराठी, जेवणात आपलंच खोबरं, फक्त शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटायची नाही आणि देवाची प्रार्थना हिब्रूत व्हायची. आम्ही लहान होतो तेव्हा आळीत त्यांची बरीच घरं होती. मग एकेका दाराला कुलूप लागत गेलं. कुणी मुंबईला गेलं, कुणी थेट इस्राएलला. हॅना डॉक्टर झाली, सायमन नावाच्या लष्करातल्या डॉक्टरशी तिचं लग्न झालं, आणि बदल्यांमागून बदल्या झाल्यावर दोघं जयपूरला स्थायिक झाली. सायमन काही वर्षांपूर्वी गेला. जयपूरला ज्यूंची दफनभूमी नाही, म्हणून त्याला दिल्लीला नेऊन पुरलं. त्यांचा एकुलता मुलगा, अवी, इस्राएलमध्ये असतो.

हॅना दर उन्हाळ्यात आंब्याच्या दिवसांत माझ्याकडे यायची. मी लग्न केलं नाही, शाळेत मराठी शिकवलं आणि आता निवृत्त आहे, त्यामुळे घरात अडचण कुणाची नव्हती. गेल्या उन्हाळ्यातही ती येऊन गेली. पण थंडीत तिचा फोन आला.

"घर विकलं गो," ती म्हणाली. "अवीकडे चाललेय. कायमची."

दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावलं आणि माझ्या घराची वरची खोली नीट करून घ्यायला लागले. गुडघे वाकत नाहीत तिचे, म्हणून खुर्चीचा संडास बसवला. जिन्याला कठडा लावला. भिंतींना हलका पिवळा रंग दिला. मग जयपूरचं तिकीट काढलं. सामानात आमच्या झाडाचे नारळ घेतले. हॅनाला मात्र एवढंच सांगितलं, की जाण्याआधी भेटायला येतेय.

मालवीय नगर

स्टेशनवर ती सायमनचं जुनं फौजी जाकीट घालून उभी होती. बाह्या इतक्या लांब, की मिठी मारली तेव्हा तिचे हात मला सापडेचनात. "काय गो, एवढं जड काय आणलंस?" म्हणाली. नारळ, म्हटलं. ती स्टेशनातच हसत सुटली.

तिचं घर मालवीय नगरात, तळमजल्यावर. गल्लीच्या तोंडाशी कोचिंग क्लासच्या पाट्या, दिवसभर मुलामुलींच्या स्कूटर. समोरच्या कडुनिंबात संक्रांतीचे पतंग अजून लटकलेले होते, जांभळे, हिरवे, फाटके. जयपुरात संक्रांत म्हणजे पतंग; झाडांवरून ते उतरायला होळी उजाडते म्हणे. घरात शिरले तर अर्धं घर खोक्यांत गेलेलं. भिंतीवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन. मला एकदम आमच्या आळीतली बंद घरं आठवली.

पाठोपाठ शेजारच्या सरोजभाभी आल्या, हातात गाजराच्या हलव्याचं गरम पातेलं. जाड चांदीचे पैंजण, डोक्यावर पदर, आवाज पुरुषासारखा भरदार. मला म्हणाल्या, "आप इनको ले जाइए अपने गाँव. वहाँ इतनी दूर क्या करेंगी ये?" माझ्या मनातलं कुणीतरी माझ्याआधीच बोलून टाकलं. हॅनाने हलवा चमच्यावर घेतला, डोळे मिटून हिब्रूत काहीतरी पुटपुटली, क्षणभर थांबली आणि मग खाल्ला.

हे थांबणं माझ्या ध्यानात आलं ते दुसऱ्या दिवशी.

सकाळी मला जाग आली ती थंडीने. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे चादर अंगावर ओढायची. इथे रजईबाहेर राहिलेलं नाकही दुखतं. शेजारच्या पलंगावर हॅना जागी होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. "मोदा अनी..." लहानपणी तिच्याकडे झोपायला गेले की हे शब्द ऐकायचे, अर्थ मात्र कधी विचारला नव्हता.

"काय म्हणतेस गं रोज?"

"आभार मानते. झोपताना जीव त्याच्याकडे ठेवायला दिलेला असतो. सकाळी त्याने परत दिला. म्हणून डोळे उघडले की पहिलं हेच. पाय जमिनीला लागायच्या आधी."

"आणि गुडघे दुखत असले तर?"

"दुखतायत मतलब जीव परत आलाय," ती म्हणाली. तिच्या मराठीत हे 'मतलब' आणि 'भैया' केव्हा शिरले ते तिलाही ठाऊक नाही.

मग दिवसभर मी तिच्याकडे बघत राहिले. पाणी प्यायच्या आधी ती काहीतरी म्हणायची. पोळीचा तुकडा मोडताना म्हणायची. गुलाबाच्या कुंडीपाशी वाकून वास घेताना म्हणायची. लहानसहान गोष्टीसाठी देवाचे आभार मानायची वेगळी छोटी प्रार्थना असते त्यांच्यात. बेराखा म्हणतात तिला. एवढं मला माहीत होतं. पण प्रत्येक बेराखेनंतर हॅना किंचित थांबायची. कुणीतरी दार वाजवलं की काय, असं ऐकत असल्यासारखी. आणि मग पुढे जायची.

"थांबतेस कशाला?" मी विचारलं.

ती जरा ओशाळली. "थांबते का अजून? सवय. बेराखा म्हणणाऱ्याने आपलं आपण आमेन म्हणायचं नसतं गो. ऐकणाऱ्याने म्हणायचं. सायमन म्हणायचा. बाहेर झाडांना पाणी घालत असला तरी खिडकीतून ओरडायचा, आमेन! सरोजभाभी विचारायच्या, डॉक्टरसाब किसको बुलाते हैं?" ती हसली, आणि लगेच हसायची थांबली. "तो गेल्यापासून मी म्हणते, पण ते तसंच लोंबकळत राहतं."

मी म्हटलं, "मी म्हटलं तर चालेल?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "चालेल. पण काय ऐकलंस ते कळून म्हणायचं. उगाच नाही."

म्हणून मी शिकायला बसले. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं, आणि आता हॅना माझी परीक्षा घ्यायची.

बाजार, मोर

मुक्कामाच्या शेवटी पौर्णिमा येत होती. माघातल्या या पौर्णिमेला ज्यू लोकांत झाडांचा वाढदिवस असतो. आपल्या बेने इस्राएलांसाठी हा दिवस आणखी मोठा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नबीचा, म्हणजे त्यांच्या एका प्रेषिताचा, रथ टेकला होता अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि या दिवसांत ते तिथे जातात. घरात मलिदा करतात: गोड पोहे, वर ओलं खोबरं, भोवती फळं. नवस फेडायचा असो, लग्न ठरलेलं असो, आजारातून उठणं असो, आभार मानायचे म्हटले की मलिदा. हॅनाला जयपूर सोडायच्या आधी या घराचा मलिदा करायचा होता.

म्हणून आम्ही फळं घ्यायला निघालो. पेरू सवाई माधोपूरचे, एकेक मुठीएवढा. बोरं मोठी, पिवळी, सफरचंदासारखी कुरकुरीत; आपल्याकडच्या आंबटगोड बोरांची इथे कुणाला ओळखच नाही. भाजीवाल्यांच्या गाड्यांवर मटारचे ढीग, लाल गाजरं आणि मुळे.

"पेरू कशाचं फळ?" हॅनाने विचारलं.

"झाडाचं."

"बोर?"

"झाडाचं."

"केळं?"

"झाडाचंच की!"

"नापास. केळीला खोड नाही, नुसती सोपटं. एकदा घड दिला की ती मरते. म्हणून केळ्याला जमिनीच्या फळाची बेराखा." मी मान्य केलं. परसात केळी असूनही मी केळीकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

परत येताना तिने रिक्षा झालाना टेकडीच्या बाजूने घ्यायला लावली. तिथे जंगल आहे, बिबटे आहेत म्हणे. आम्हाला बिबट्या दिसला नाही. एका पडक्या भिंतीवर मोर बसला होता. संध्याकाळचं ऊन तिरपं येत होतं आणि त्याचा पिसारा भिंतीवरून खाली सांडला होता, निळा, सोनेरी. हॅनाने रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावून थांबवलं. "भैया, दो मिनट."

सुंदर काही दिसलं तर त्यालाही बेराखा आहे. अर्थ एवढाच, की ज्याच्या जगात असंही आहे, तो धन्य. तिने ती म्हटली. मी आमेन म्हटलं. माझ्या मनात आलं, हिला रेवदंड्याला समुद्रावर रोज संध्याकाळी अशी थांबवीन. माझी वरची खोली मी अजून तिला सांगितली नव्हती.

सीतापुरा

हॅना नोकरीतून निवृत्त झाली तरी आठवड्यातून एकदा सीतापुऱ्यात जायची. शहराबाहेर कारखान्यांची वस्ती आहे ती. कपडे शिवून परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात ती बायकांना फुकट तपासायची. त्या दिवशी शेवटचं जायचं होतं, म्हणून मीही गेले. सकाळी बसमधून बायका उतरत होत्या, रंगीत ओढण्या, हातात डबे. सगळीकडे नव्या कापडाचा आणि खळीचा वास.

कँटीनमागच्या खोलीत हॅनाने टेबल मांडलं. एक मंजू म्हणून आली. मुतखड्याने महिनाभर बेजार होती.

हॅनाने सगळ्यांसमोर विचारलं, "पेशाब खुलकर आया?"

मंजूने ओढणीत तोंड लपवलं. "आया, डॉक्टरनीजी."

हॅनाने तिथल्या तिथे डोळे मिटले आणि एक लांबलचक बेराखा म्हटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला वाटलं, निदान या विषयात तरी देवाला मध्ये आणायला नको होतं.

बाहेर चहा पिताना मी तसं म्हटलं. हॅना उखडलीच.

"अगं, ती बेराखा आम्ही रोज म्हणतो, संडासातून बाहेर आलं की. तू माणसाला शहाणपणाने घडवलंस, त्याच्यात वाटा ठेवल्यास, छिद्रं ठेवलीस; त्यातलं एक जरी उघडं पडलं किंवा बंद झालं तरी आम्ही तुझ्यासमोर उभे राहू शकणार नाही. जन्मभर हॉस्पिटलात मी दुसरं काय पाहिलं? सगळ्या बेराखांत ही मला सर्वांत जवळची. इतर वेळी कुठे कुठे विसरते मी. ही कधीच नाही."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "मग आमेन. उशिरा चालतं ना?"

"नाही चालत," ती म्हणाली. पण हसली.

निघताना बायकांनी तिला एक गोधडी दिली. कारखान्यात उरलेल्या ठशांच्या कापडाच्या तुकड्यांची, जेवणाच्या सुट्टीत बसून शिवलेली. निळे हत्ती, तांबडी फुलं, मध्येच पिवळी पट्टी. नव्या वस्तूलाही बेराखा असते. हॅनाने गोधडी छातीशी धरून ती म्हटली, पण आवाज मध्येच फुटला. मी आमेन म्हणायच्या आधीच मागून कुणीतरी म्हणालं, "आमीन." शबाना नावाची एक प्रौढ बाई होती. तिला हिब्रू कळलं नव्हतं, पण ही दुवा आहे हे कळलं होतं. मग मंजू म्हणाली, आमीन. मग सगळ्याच.

बसमध्ये हॅना गोधडी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या जणींनी एकदम म्हटलेलं किती दिवसांनी ऐकलं."

शुक्रवार

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी हॅनाने तेलाचे दिवे लावले, हातांनी डोळे झाकले. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून केलेलं सरबत चांदीच्या पेल्यात ओतलं. वाइनच्या जागी आपल्या बेने इस्राएलांकडे हेच. घर अर्धं रिकामं, पण टेबलावर पांढरी चादर होती आणि दिव्यांच्या उजेडात खोकी दिसत नव्हती.

मला वाटलं, आत्ताच सांगावं.

"हॅना, मी वरची खोली तयार करून आलेय."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

तिने हळूच विचारलं, "खिडकी कुठली?"

"समुद्राकडची."

"तिथून सुपारीची बाग दिसते, नाही?"

"दिसते. आणि पलीकडे तुझ्या बाबांच्या घराचं छप्पर."

"भिंतींना रंग?"

"पिवळा, हलका. जिन्याला कठडा लावलाय. खुर्चीचा संडास केलाय."

"खुर्चीचा संडास!" तिने डोळ्यांना रुमाल लावला. "सकाळी मासळीवाली अजून ओरडत येते?"

"तिची सून येते आता. ओरड तीच."

"आणि भरतीच्या वेळी रात्री आवाज?"

"येतो ना."

"पुरे," हॅना म्हणाली. "आणखी काही सांगू नकोस. सांगितलंस तर मी येईन."

"मग ये की!"

तिने मान हलवली. अवीच्या शहरात अधूनमधून हल्ल्याचे भोंगे वाजतात आणि घरातली सगळी माणसं जाड भिंतींच्या एका खोलीत जाऊन बसतात, हे मला ठाऊक होतं. तेच मी बोलून दाखवलं. या वयात कुणी सुखाच्या जागेवरून उठून भोंग्यांच्या जागी जातं का, असं जरा मोठ्यानेच विचारलं.

"म्हणूनच जायचंय," ती म्हणाली. "धाकटी नात भोंगा झाला की बोलेनाशी होते. संध्याकाळपर्यंत शब्द नाही. अवी आणि सून, दोघांना कामावर जावं लागतं. तिला मांडीवर घेऊन बसायला कुणीतरी हवं ना गो?"

मला राग आला.

"आणि यालाही तुझ्याकडे एखादी आभाराची बेराखा असेलच!"

"आहे," ती शांतपणे म्हणाली. "वाईट बातमीलाही आहे. पण ती आभाराची नाही. खरा न्याय करणारा तू, एवढंच म्हणायचं. आवडलंच पाहिजे असं कुणी म्हणत नाही."

"सायमन गेला तेव्हा म्हटलीस?"

"माझ्या तोंडातून निघेना. अवीने फोनवरून म्हटली. मी नुसतं आमेन म्हटलं. तेवढंच जमलं."

जेवण झालं. जेवणानंतरची लांब प्रार्थना तिने म्हटली, पोट भरल्याबद्दलची, जमिनीबद्दलची. प्रत्येक टप्प्यावर ती थांबत होती, आणि मी गप्प होते. शेवटी ती थांबली आणि थांबूनच राहिली. माझ्या घशात शब्द होता, पण मी तो बाहेर येऊ दिला नाही. मग तिने ताटं उचलली.

शनिवारी आम्ही दोघी उन्हात बसलो, मटार न सोलता. त्यांच्यात शनिवारी काम करायचं नसतं. हॅना एकेक बेराखा म्हणत होती, पण आता न थांबता. ते मला थांबण्यापेक्षाही जास्त लागलं.

पौर्णिमा

मलिद्याच्या दिवशी सकाळी वैशाली आली. छावणीत राहणाऱ्या एका मेजरची बायको, माहेर साताऱ्याचं. हॅनाने तिचं बाळंतपण केलं होतं, तेव्हापासून ती हॅनाला मावशी म्हणते. तिने गावाकडचे पातळ पोहे आणले होते. "इथले पोहे म्हणजे नुसता चिखल होतो मावशी," म्हणाली. मी नारळ फोडले. रेवदंड्याच्या खोबऱ्याचा वास जयपूरच्या त्या स्वयंपाकघरात पसरला तेव्हा हॅना विळीशी आली, चिमूटभर खोबरं तोंडात टाकलं आणि परत गेली.

पोहे भिजवले, गूळ, वेलची, जायफळ घातलं. फळं धुतली आणि कोरडी व्हायला गच्चीवर चादरीवर मांडली. तिथेच चुकलं. खाली खोबरं किसत होतो तेवढ्यात सरोजभाभींचा आरडाओरडा ऐकू आला. जाऊन पाहतो तर वानरांची आख्खी टोळी. केळ्यांचा घड घेऊन एक पाण्याच्या टाकीवर बसलेलं, दुसऱ्याच्या दोन्ही हातांत पेरू, पिल्लू बोरं वेचतंय. सरोजभाभी काठी आपटत होत्या आणि वानरं त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती.

वैशाली रडकुंडीला आली. हॅना टाकीकडे बघत म्हणाली, "बघ, सोलून खातंय. बेराखा न म्हणता." आणि ती हसायला लागली, मग आम्ही सगळ्याच.

पण फळं तर हवीच होती, आणि मंडळी यायची वेळ झालेली. सरोजभाभी काठी टाकून खाली उतरल्या आणि गल्लीत आपल्या त्या भरदार आवाजात हाक दिली. थोड्या वेळात फळं यायला लागली. कुणी किन्नू आणले, संत्र्याचे भाऊबंद. कुणी शिंगाडे, कुणी फ्रिजमधली अर्धी पपई, कुणी खारका. कोपऱ्यावरच्या कोचिंग क्लासच्या बाईंनी आपल्या डब्यातलं केळं दिलं. सरोजभाभींनी झाडावरची ताजी बोरं आणली आणि कुंडीतले गुलाबही. ताट भरलं. अलिबागेत कुणी असा मलिदा पाहिला नसेल.

दुपारी खोलीत गल्लीतल्या बायका दाटीवाटीने बसल्या, खोक्यांवर, सतरंजीवर. हॅनाने डोक्यावर ओढणी घेतली. तिने मला विचारलं नाही, पण मी तिच्या शेजारी जाऊन बसले. आधी एलियाहू हन्नबीचं गाणं. ते तिने म्हणायला घेतलं आणि अर्ध्यावर अडखळली. पुढची ओळ आठवेना. मला शब्दांचा अर्थ आजही येत नाही, पण आळीत भिंतीला भिंत लागून राहिल्यामुळे चाल आणि शब्द दोन्ही कानांत होते. मी पुढची ओळ उचलली. हॅनाने चमकून माझ्याकडे पाहिलं आणि सुरात सूर मिळवला.

मग फळं. तिने आधी हिंदीत समजावलं, ही झाडाच्या फळाची, ही जमिनीच्या फळाची, ही सुवासाची. प्रत्येकीनंतर आमेन. सरोजभाभींचं आमेन 'आमैन' व्हायचं, वैशालीचं अगदी शाळेतल्या हजेरीसारखं. गुलाब हातोहात फिरला.

शेवटी हॅनाने एक बोर उचललं. या हंगामातलं तिने अजून खाल्लं नव्हतं. मुद्दाम ठेवलं होतं. नव्या हंगामाचं फळ पहिल्यांदा खाताना वेगळी बेराखा म्हणतात. आम्हाला जिवंत ठेवलंस, टिकवलंस आणि या दिवसापर्यंत आणून पोचवलंस. हिंदीत अर्थ सांगतानाच तिचा आवाज ओला झाला. मग हिब्रूत म्हटली. भाभी पदराने डोळे पुसत होत्या. वैशाली खाली बघत होती. हॅना बोर हातात धरून थांबली.

मी म्हटलं, "आमेन."

एकटीनेच, जरा मोठ्याने. आतून म्हटलं. मला ती जायला नको होती, आणि तरी हा दिवस मिळाला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. हॅनाने बोर खाल्लं. बी मुठीत धरून तिने दुसऱ्या हाताने माझा हात दाबला.

स्टेशन

माझी गाडी दुपारची होती. हॅनाचं जाणं महिन्याभराने होतं. ती स्टेशनवर सोडायला आली. सरोजभाभींनी दिलेली बाजरीची रोटी, लसणाची चटणी आणि तिळगुळाची गजक यांनी माझी पिशवी नारळांपेक्षा जड झाली होती. आम्ही बाकावर बसलो. बोलायचं सगळं बोलून झालं होतं, म्हणून मी विचारलं, "निरोप घेताना कुठली बेराखा म्हणतात?"

तिने थोडा विचार केला. "प्रवास नीट होवो म्हणून प्रार्थना आहे. पण निरोपाची बेराखा नाही. निरोपाबद्दल काय म्हणायचं, कुणाला सुचलंच नसेल."

"भेटीची?"

"भेटीची आहे. जिवलग माणूस वर्षाहून जास्त काळाने समोर आलं, की म्हणायची. मेलेल्यांना उठवणारा तू धन्य, अशी." ती थांबली. "मी कधी म्हटलेली नाही. अवी म्हण, तू म्हण, वर्षाच्या आत भेटत आलोय आपण. या वेळी मला ती म्हणायला मिळेल गो."

गाडी लागली. तिने सायमनच्या जाकिटाच्या लांब बाहीत लपलेला हात वर केला. गाडी हलली तरी ती हलवत होती. हात दिसत नव्हता, नुसती बाही.

आता ती तिकडे आहे. भोंगा झाला की नात तिच्या मांडीवर येऊन बसते, आणि परवा पहिल्यांदा त्या जाड भिंतींच्या खोलीत बसूनच ती बोलली. काय बोलली, ते हॅनाने फोनवर सांगितलं: आजीची गोधडी हवी म्हणाली, हत्तींची.

मी आयुष्यात देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. काल अलिबागला जाऊन पासपोर्टसाठी फोटो काढून आले. फोटोत माझे डोळे मिटलेत. उद्या पुन्हा जाते.